बानी धरणाऱ्यांचं गाणं

जॉर्जियन लोकगीतं म्हणणाऱ्या गटात नवा माणूस आला, की त्याला बहुधा बानी देतात. बानी म्हणजे गाण्यातला खालचा आवाज. वरचे दोन आवाज वळणं घेत, एकमेकांना अडवत-सोडवत पुढे जातात. बानी त्यांच्याखाली एक स्वर लांबवत राहते, ठरलेल्या जागी पायरीभर खाली किंवा वर सरकते आणि तिथे पुन्हा ठाण मांडते. शब्द पुष्कळदा नसतातच; नुसता 'ओ' किंवा 'आ'. नवख्याला सोपं काम देऊन कडेला बसवलं, असं वाटण्यासारखी ही गोष्ट आहे. पण जॉर्जियाच्या बऱ्याच भागांत मुळात परंपराच अशी, की वरचे दोन आवाज एकेका गायकाने गायचे आणि बानी मात्र उरलेल्या सगळ्यांनी मिळून धरायची. खाली दहा-वीस गळे भरीव लागले, म्हणजेच वरच्या दोघांना मोकळं सुटता येतं. ज्याची गळ्याची तयारी नाही, ज्याला गाण्याचे शब्दही पाठ नाहीत, त्याची जागा या गाण्याच्या रचनेतच राखलेली आहे. समूहगायनात याहून उदार व्यवस्था मला माहीत नाही.

काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांच्यामध्ये वसलेला हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून लहान आणि लोकसंख्येने पुणे शहराच्या आसपास. मराठी घरांना त्याचं नाव अलीकडे ओळखीचं झालं ते वैद्यकीय शिक्षणासाठी त्बिलिसीला जाणाऱ्या मुलामुलींमुळे. संगीताच्या अभ्यासकांना मात्र तो फार आधीपासून माहीत आहे, कारण तिथले शेतकरी, मेंढपाळ, द्राक्षबागांचे मालक शतकानुशतकं तीन वेगवेगळ्या आवाजांत एकत्र गात आले आहेत. अकराव्या-बाराव्या शतकातल्या योआने पेत्रित्सी या तत्त्वज्ञाने ख्रिस्ती त्रैक्याची कल्पना समजावताना गाण्यातल्या तीन आवाजांचा दाखला दिला. दाखला नेहमी लोकांच्या ओळखीच्या गोष्टीचा देतात. म्हणजे त्या काळातही तीन आवाजांचं गाणं लोकांच्या अंगवळणी पडलेलं असणार. २००१ साली युनेस्कोने अमूर्त वारशाची पहिली यादी जाहीर केली, तिच्या एकोणीस नोंदींत केरळच्या कुटियाट्टमबरोबर जॉर्जियाचं हे बहुस्वरी गायनही होतं.

मराठी कानाला हे गाणं पहिल्यांदा ऐकताना थोडं चमकायला होतं. आपलं सामूहिक गाणं एका सुरातलं असतं. दिंडीत शंभर माणसं अभंग म्हणतात तेव्हा ती एकच चाल म्हणत असतात. कुणी वरच्या सप्तकात, कुणी खालच्या, पण वाट एकच. आरतीला, भोंडल्याला, शाळेच्या प्रार्थनेलाही तसंच. मूळ चालीला धरून दुसरा आवाज लावण्याची रीत आपल्या शेजारी आहे ती गोव्यात, कोकणी मांडो आणि दुलपदांत. तिथे दुसरा आवाज बहुधा पहिल्यापासून ठरावीक अंतर राखून त्याला समांतर चालतो, आणि ही घडण पोर्तुगीज काळातल्या चर्चसंगीताच्या शिक्षणातून आलेली आहे. जॉर्जियन आवाज असे समांतर चालत नाहीत. मधला आवाज बहुतेक वेळा गाणं सुरू करतो आणि शब्द सांगतो. त्याला म्थ्ख्मेली म्हणतात. वरचा त्याला साद घालतो, तो मोदझाखिली. खाली बानी. तिघांची चाल वेगळी, तरी तिघांनाही एकमेकांकडे कान लावूनच चालावं लागतं.

त्यातली एक जागा तर पेटीवर करून पाहण्यासारखी आहे. सा, मध्यम आणि पंचम हे तीन स्वर एकदम दाबा. सा आणि म छान मिळतात, सा आणि प त्याहून छान मिळतात, पण म आणि प शेजारी-शेजारी असल्यामुळे त्यांच्यात घासाघीस होते. युरोपच्या शिष्ट संगीतात असा स्वरमेळ एक ताण मानला जायचा आणि तो लगेच सोडवायचा, असा नियम होता. जॉर्जियन गायक या स्वरांवर निवांत थांबतात. त्यांना ती घासाघीसच गोड लागते. त्यामागचं गणित सरळ आहे. सा ची कंपनं सेकंदाला २४० धरली, तर मध्यम ३२० आणि पंचम ३६० येतो. हे प्रमाण ६ : ८ : ९ असं पूर्णांकांत बसतं. तिन्ही आकडे ४० ने भाग जाणारे असल्यामुळे स्वर नेमके लागले की त्यांच्याखाली एक खोल गुंजन ऐकू आल्याचा भास होतो. स्वर जरा सरकले की गुंजन विस्कटतं आणि आवाजात लाटा येऊ लागतात. तंबोरा जुळवताना जोडीच्या तारांमधली ही लाट मोजूनच आपण खुंटी पिळतो. गटात गाणाऱ्यालाही तीच लाट ऐकायला शिकावं लागतं, फक्त पिळायला खुंटी नसते. स्वतःचा गळा सरकवावा लागतो. आणि असे सगळे ताण सोसून बरीच गाणी अखेरीस एकाच स्वरावर येऊन मिळतात. तीन वाटांनी गेलेली माणसं शेवटी एका सुरावर येतात तेव्हा तो साधा स्वरसुद्धा वेगळाच भरलेला लागतो.

या गाण्याचे स्वर पियानोच्या पट्ट्यांवर नीट बसत नाहीत. पंचम आणि मध्यम साधारण आपल्या शुद्ध जागी असतात. गंधार मात्र पुष्कळदा कोमल आणि शुद्ध यांच्यामध्येच कुठेतरी लागतो. ही स्वरव्यवस्था नेमकी कशी आहे यावर अभ्यासकांचे वाद आहेत, आणि त्या वादात एका भूकंपशास्त्रज्ञाने मोलाची भर घातली आहे. पॉट्सडॅम विद्यापीठातले फ्रांक शेरबाउम यांचा मूळ विषय जमिनीची कंपनं. २०१६ साली ते सहकाऱ्यांसह स्वानेती या उंच डोंगराळ प्रांतात गेले आणि त्यांनी गायकांच्या गळ्याला बाहेरून चिकटणारे मायक्रोफोन लावले. समोर ठेवलेल्या मायक्रोफोनवर तिन्ही आवाज मिसळून येतात; गळ्याच्या त्वचेवरून मात्र त्या-त्या गायकाची कंपनं वेगळी मिळतात. अशा मोजणीत दिसतं की गायक गाणं चालू असताना एकमेकांकडे सरकत असतात. गाण्याच्या सुरुवातीचा सा आणि शेवटचा सा एकाच उंचीवर असेलच असं नाही. सगळा गट मिळून हळूहळू वर चढतो. पेटीच्या संगतीने गायची सवय असलेल्या माणसाला हे चुकल्यासारखं वाटेल. माझ्या मते या गायनाचा प्राणच तिथे आहे. सूर कुणा वाद्याकडे ठेवायला दिलेला नाही, तो गाणाऱ्यांच्या मध्ये असतो.

हे गाणं व्यासपीठासाठी जन्मलं नाही. पश्चिमेकडच्या गुरिया आणि अचारा प्रांतांत मक्याच्या खुरपणीला शेजारीपाजारी एका शेतकऱ्याच्या शेतावर जमायचे. या जमण्याला नादी म्हणतात. आज याचं शेत, उद्या त्याचं. मजुरीचा प्रश्न नाही, पण ज्याचं शेत त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. मराठी वाचकाला इथे इर्जिक आठवल्याशिवाय राहणार नाही. व्यवस्था जवळजवळ तीच, आणि तिच्याबरोबरचं गाणंही. आपल्याकडे रांग धरून काम करताना भलरी म्हणायचे, तिथे नादुरी. खुरपणारे दोन गटांत विभागले जायचे. एका गटाने गाण्याचं कडवं सुरू करायचं, दुसऱ्याने ते उचलायचं. एक गट गात असताना दुसऱ्याला दम खायला मिळायचा, पण हात कुणाचेच थांबत नसत. दिवस वर चढेल तशी गाण्याची गती वाढायची आणि कुदळींचीही. नादुरीत तीनऐवजी चार आवाज असतात. त्यांतला एक मधेच एकाच स्वरावर अढळ राहतो, आणि सगळ्यांच्या डोक्यावर एक तीव्र आवाज कोंबड्याच्या आरवण्यासारखा उसळत असतो. गुरियाच्या या वरच्या आवाजाचा क्रिमांचुली नावाचा एक प्रकार तर छातीतल्या आणि डोक्यातल्या आवाजांमध्ये इतक्या वेगाने उड्या मारतो की ऐकणाऱ्याला दोन गायक असल्याचा भास व्हावा.

गुरियात बानीसुद्धा स्वस्थ बसत नाही, ती स्वतःची वेगळी चाल चालते आणि गाणं पुष्कळदा तिघांतच रंगतं. त्यामुळे सुरुवातीला सांगितलेली उदार व्यवस्था तिथे जरा आखडते. नवख्यांनी गुरियाची गाणी उशिरा घ्यावीत. पूर्वेकडचा काखेती प्रांत याच्या अगदी उलट. तिथे बानी भक्कम आणि संथ असते, वरचे दोघे तिच्यावर लांबलचक आलापीने शब्दांना पीळ देत राहतात. काखेती हा द्राक्षांचा आणि वाइनचा मुलूख. तिथली मोठी गाणी जेवणाच्या पंगतीतली आहेत. सुप्रा नावाच्या या मेजवानीत तमादा म्हणजे पंगतीचा म्होरक्या एकेका विषयावर पेला उंचावून बोलतो. देवासाठी, देशासाठी, गेलेल्यांसाठी, जन्मलेल्यांसाठी. अशा बोलण्यानंतर गाणं आपोआप येतं. पाहुण्याला दीर्घायुष्य चिंतणारं म्रावालझामियेर हे गाणं तर जवळजवळ प्रत्येक प्रांताने आपापल्या पद्धतीने रचलं आहे. एकाच आशीर्वादाच्या निरनिराळ्या चाली शिकण्यात एखाद्या गटाचं वर्ष सहज जातं.

काखेतीचं 'चाक्रुलो' हे पंगतीतलं गाणं आज माणसाने बनवलेल्या सर्वांत दूरच्या वस्तूवर आहे. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसवली होती, तिच्यात जगभरातल्या संगीताचे २७ नमुने घेतले आहेत. 'चाक्रुलो' त्यांतलं एक. त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवीतली 'जात कहाँ हो' आहे. गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई व्हॉयेजर-१ सुटल्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी गेल्या. एका बाजूला एका गळ्याने वर्षानुवर्षांच्या तालमीतून कमावलेला राग, दुसऱ्या बाजूला पंगतीत बसलेल्या माणसांनी मिळून उचललेलं गाणं; दोन्ही शेजारी-शेजारी सूर्यमालेबाहेर निघाली आहेत, याचा मला फार आनंद वाटतो.

पण या गाण्यांतली सगळ्यांत हृद्य गाणी ना शेतावरची, ना पंगतीतली. ती आजारी मुलाच्या उशाशी म्हणायची आहेत. गोवर, देवी असे साथीचे आजार बातोनेबी नावाच्या शक्ती घेऊन येतात, असं जॉर्जियातले लोक मानत. बातोनी म्हणजे धनी, मालक. आजाराला शिवी द्यायची नाही, हाकलायचं नाही. तो घरी आलेला मानाचा पाहुणा आहे. त्याला गोड गाणी ऐकवायची, खोलीत फुलं ठेवायची, तांबडं कापड टांगायचं, मुलाशी आणि एकमेकांशी हळू आवाजात, प्रेमाने बोलायचं, म्हणजे पाहुणा खूश होऊन मुलाला न दुखवता निघून जाईल. 'देवी आल्या' असं म्हणणाऱ्या, शीतलादेवीला थंड नैवेद्य दाखवणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना हे काही सांगायला लागलं नसतं. लस आली, देवीचा रोग जगातून गेला, गाणी राहिली. ती बहुधा बायकांनी जपली. संथ, झुलणारी, दोन किंवा तीन आवाजांची ही गाणी आज जगभरातले गट आवडीने शिकतात. या गाण्यांत आवाज चढवायचा नसतो, म्हणून भित्र्या नवख्यांसाठीही ती चांगली.

स्वानेतीत याच्या दुसऱ्या टोकाचं गाणं आहे. अंत्ययात्रेत पुरुष जारी म्हणतात, त्यात एकही अर्थाचा शब्द नसतो. नुसत्या स्वरांचे आणि हुंकारांचे तीन आवाज एकमेकांवर चढत जातात. यावर जास्त लिहिणं बरोबर नाही, ते ऐकावं.

आता प्रश्न असा, की शेतं, पंगती आणि उशा यांच्यातून हे गाणं लंडनच्या एखाद्या सभागृहात किंवा अमेरिकेतल्या उन्हाळी शिबिरात कसं पोहोचलं? त्यामागे पुष्कळ पडझड आहे. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजानचा आवाज मुद्रित केला. त्याच सुमारास तिची माणसं कॉकेशसमध्येही फिरत होती. १९०७ मध्ये तिने गुरियातल्या गिगो एर्कोमाइश्विली यांच्या गटाची गाणी मुद्रित केली. पुढे सोव्हिएत राजवट आली. चर्चमधलं गायन दडपलं गेलं आणि लोकगीताला मोठ्या सरकारी गायकवृंदाचं आणि नृत्याचं रूप मिळालं. एकसारख्या पोशाखातले कित्येक पुरुष रांगेत उभे राहून गाऊ लागले. तीन गायकांच्या गाण्यात जी लवचीकता होती, म्हणजे आज मी असं वळण घेतलं तर तू तसं घे, ती या रांगेत उरली नाही.

गिगोंचे चिरंजीव आर्तेम एर्कोमाइश्विली चर्चची तीन आवाजांची शेकडो स्तोत्रं जाणत होते. १९६६ साली ते एकोणऐंशीच्या घरात असताना त्बिलिसीच्या संगीत विद्यालयाने त्यांना मुद्रणासाठी बोलावलं. अडचण अशी, की त्यांच्याबरोबर गाणारे जुने जोडीदार आता राहिले नव्हते. मग त्यांनी आधी एक आवाज एकट्याने गायला. तो टेपवर लावून त्याच्यावर दुसरा गायला. दोन्ही लावून तिसरा. अशी शंभराहून अधिक स्तोत्रं त्यांनी एकट्याने तिन्ही आवाजांत उतरवून ठेवली आणि पुढच्याच वर्षी ते गेले. ज्या गाण्याला किमान तीन माणसं लागतात, ते एका माणसाने असं वाचवलं. त्यांचे नातू अन्झोर एर्कोमाइश्विली यांनी १९६८ मध्ये 'रुस्तावी' हा गट उभारला आणि १९०१ ते १९१४ या काळातली ग्रामोफोन मुद्रणं देशोदेशीच्या संग्रहांतून शोधून आणली. २०२१ साली ते वारले तेव्हा त्यांनी शोधलेली कित्येक गाणी पुन्हा लोकांच्या तोंडी आली होती.

तरीही 'रुस्तावी' हा व्यावसायिक, व्यासपीठावरचा गट होता. गाणं पुन्हा सामान्य माणसांच्या हाती द्यायचं काम एदिशेर गाराकानिद्झे या लोकसंगीताच्या अभ्यासकाने मनावर घेतलं. १९८० मध्ये त्यांनी 'म्थिएबी' हा गट काढला. त्यात गाणं, फेर धरून नाचणं आणि बोलणं यांची ताटातूट नव्हती. गायक प्रेक्षकांकडे तोंड करून रांगेत उभे न राहता एकमेकांकडे बघून गात. १९९० च्या दशकाच्या मध्यात वेल्समधल्या एका नाट्यसंशोधन केंद्राच्या बोलावण्यावरून ते ब्रिटनमध्ये शिकवायला आले आणि ज्यांना जॉर्जिया नकाशावरही दाखवता आला नसता, अशा शेकडो लोकांनी त्यांच्याकडून गाणी उचलली. १९९८ मध्ये मोटार अपघातात ते गेले. त्यांनी शिकवलेल्या गाण्यांचं पुस्तक २००४ मध्ये निघालं. नव्व्याण्णव गाण्यांचं ते पुस्तक आजही इंग्लंडमधल्या अनेक गटांच्या हाताशी असतं.

त्यांचं बी तिथे रुजलं याला ब्रिटनची जमीनही कारण होती. लोकगायिका फ्रँकी आर्मस्ट्राँग यांच्या पुढाकाराने तिथे एक चळवळ सुरू झाली होती. तिचं म्हणणं एवढंच, की गाणं हा प्रत्येकाचा जन्मसिद्ध हक्क आहे, म्हणून गटात घेताना आवाजाची परीक्षा घ्यायची नाही, स्वरलिपीचा कागद हाती द्यायचा नाही, सगळं कानाने शिकवायचं. पाश्चात्त्य चर्चच्या गायकवृंदात कागद वाचता येणं ही पहिली पायरी असते, आणि ती न आल्यामुळे कित्येक माणसं आयुष्यभर 'आपल्याला गाता येत नाही' असं समजून गप्प राहतात. कागदाविना तोंडी चालत आलेली जॉर्जियन गाणी या लोकांना हवी तशीच होती. आज लंडनमध्ये 'मास्पिंद्झेली' नावाचा केवळ जॉर्जियन गाणी म्हणणारा गट आहे, इतर देशांतही आहेत, आणि उन्हाळ्यात स्वानेतीच्या गावांत गायकांच्या घरी राहून शिकायला परदेशी पाहुणे येतात.

अशा गटात पहिल्या दिवशी काय होतं? लोक वर्तुळात किंवा अर्धवर्तुळात उभे राहतात. शिकवणारी व्यक्ती एक ओळ म्हणते, सगळे तिच्यामागून म्हणतात. पुष्कळ शिक्षक आधी बानी सगळ्यांना शिकवतात, मग मधला आवाज सगळ्यांना, मग वरचा. त्यानंतरच गट पाडतात. याचा फायदा नंतर कळतो. शेजारचा माणूस काय गातो आहे हे आपल्याला ठाऊक असलं, की त्याचा आवाज आपल्याला ओढून नेत नाही. ओढलं जाणं ही नवख्याची मुख्य अडचण, आणि मराठी माणसाची तर विशेषच, कारण आपला कान दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळायला शिकलेला असतो. समोरचा वर गेला की आपणही नकळत वर जातो. तेव्हा एका कानावर हात ठेवून गायचा मोह होतो, पण तो आवरावा. कान झाकून सूर सांभाळता येतो, पण मग म आणि प मधली घासाघीस ऐकू येत नाही आणि गाण्याचं सारं सुखच हातचं जातं. त्यापेक्षा बानीतल्या पक्क्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून उभं राहावं. त्याचा आवाज हाडांतून येतो.

बानी धरायची म्हणजे श्वास चोरायला शिकायचं. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर स्वर तुटतो आणि वरचे दोघे उघडे पडतात. म्हणून शेजारी श्वास घेतो आहे असं जाणवलं की आपण धरून ठेवायचं, त्याने पुन्हा स्वर लावला की आपण हळूच सोडायचा आणि हळूच परत शिरायचं. वीस माणसांची बानी अशी पाच-पाच मिनिटं अखंड वाहते, आणि तिच्यात कुणाचा श्वास कुठे आला हे कुणालाच कळत नाही. आपल्या शाहिरामागे जी-जी ओढणारे झीलकरी आणि कीर्तनकाराचं ध्रुपद उचलणारे टाळकरी यांना ही विद्या चांगली अवगत असते. त्यांच्यातला कुणी जॉर्जियन गटात गेला तर पहिल्याच दिवशी त्याला मान मिळेल. मराठी माणसाला आणखीही एक सोय आहे. जॉर्जियन भाषेत व्यंजनांचे गठ्ठे असतात, पण 'चोर'मधला दंत्य च आणि 'जावई'मधला दंत्य ज यांच्या अगदी जवळचे उच्चार तिथे आहेत, आणि क-ख, त-थ यांतला फरक तर आपल्या कानात मुरलेलाच आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांची जिथे दमछाक होते, तिथे आपण निम्मी वाट आधीच चाललेले असतो.

एकत्र गाण्याने माणसं जवळ येतात हे सगळेच म्हणतात, पण त्याची मोजदादही झाली आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या बियॉर्न विकहॉफ आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अठरा वर्षांच्या पंधरा मुलामुलींना एकत्र गायला लावून त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांकडे पाहिलं. गाण्यामुळे श्वास एका लयीत येतात, आणि श्वासाबरोबर हृदयाची गती वर-खाली होत असल्यामुळे ठोक्यांचे चढउतारही एकमेकांशी जुळू लागतात. ऑक्सफर्डच्या आयलुनेड पिअर्स, रॉबिन डनबर आणि इतरांनी २०१५ मध्ये प्रौढांच्या नव्या वर्गांची सात महिने पाहणी केली. काही वर्ग गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. सात महिन्यांअखेर सगळ्याच वर्गांत माणसं सारखीच जवळ आली, पण गाण्याच्या वर्गात ती फार लवकर आली, म्हणजे एकमेकांची ओळख पुरती होण्याआधीच. मला ही दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. नव्या शहरात, नव्या देशात गेलेल्या माणसाला सात महिने थांबायला कुठे वेळ असतो?

या गटांबद्दल एक रास्त शंका नेहमी काढली जाते. दुसऱ्याच्या देशाची, दुसऱ्याच्या दुःखाची गाणी आपण का म्हणायची? पुरुषांची पंगतीतली गाणी परदेशी बायकांनी म्हणावीत का? जॉर्जियात परंपरेने पुरुषांची आणि बायकांची गाणी बरीच वेगळी होती. १९८० च्या दशकात त्बिलिसीत 'म्झेथाम्झे' हा बायकांचा गट निघाला तोच मुळी बायकांच्या दुर्लक्षित गाण्यांसाठी. माझ्यापुरतं उत्तर असं, की गाणं कुठल्या गावचं, कुणाकडून आलं आणि कशासाठी म्हणतात हे शिकवणाऱ्याला सांगता आलं पाहिजे आणि गाणाऱ्याने लक्षात ठेवलं पाहिजे. जारी हौसेखातर सहलीत म्हणू नये. एवढं पाळलं तर बाहेरच्यांच्या गाण्याने नुकसान होत नाही. स्वानेतीच्या म्हाताऱ्या गायकांकडे दूरदेशीचे लोक शिकायला येतात, हे त्यांच्या नातवंडांनाही दिसतच असतं.

आपल्याकडेही अशा गाण्यांची मुद्रणं आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखावर जाते, आणि त्यांतल्या कित्येक 'परी' या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या बायकांच्या स्वतःच्या आवाजात ऐकता येतात. दोघी जात्याला बसत, एक ओवी सुरू करी आणि दुसरी उचली. दुसरीला आधी कुठे परीक्षा द्यावी लागत नसे. शहरातल्या सोसायट्यांत भजनी मंडळं आहेत, नवरात्रात हौशी भोंडले आहेत. पण भलरी, ओव्या, धनगरी गाणी यांसाठी दर आठवड्याला जमून, कागद न घेता, ज्याला येतं त्याच्याकडून उचलायचं, अशा गटांची आपल्याला गरज आहे. असा गट काढायला सभागृह लागत नाही, पेटी लागत नाही. भलरी म्हणणारी एक बाई किंवा एक बाप्या लागतो, ज्याच्या कानात ती अजून आहे, आणि मागून झील धरायला तयार असलेली दहा-बारा माणसं.